भेगेच्या कांठानें

परदेशीं मुलाकडे गेलेल्या वृद्धांस बहुधा देवळें आणि दुकानें दाखविलीं जातात. आम्हीं मात्र चिरंजीवांकडे जमिनीची भेग पाहण्याचा हट्ट धरला. त्यांनीं कॅलिफोर्नियांत नुकतेंच घर घेतलें होतें, आणि तें सॅन अँड्रियास या प्रस्तरभंगापासून फारसें दूर नाहीं, हें कळल्यापासून आमच्या मनांस स्वस्थता नव्हती. ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा परिसर हादरला, तेव्हां आम्ही पाटणकडील आजोळीं होतों. वय सात वर्षांचें. माजघराची दगडमातीची भिंत पडली, ती आजीच्या अंथरुणावर. घर विकून टाका, असें सांगावयाचें मनांत योजूनच आम्ही निघालों.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येस पॉइंट रेयेस येथें ओलेमाचें लांबट खोरें आहे. तेथील 'भूकंपाची वाट' जेमतेम एक किलोमीटरची, सपाट व पक्की बांधलेली. आमच्या कुटुंबानेंही ती काठीवांचून पुरी केली. भेग म्हणजे आ वासलेली दरी, अशी आमची कल्पना. प्रत्यक्षांत दिसलें गवत! भंगरेषा कळावी म्हणून निळे खांब रोवले आहेत, इतकेंच. मग एक लांकडी कुंपण आलें. तें सरळ येऊन एकाएकीं तुटतें, आणि त्याचा पुढचा भाग सुमारें १६ फूट बाजूस उभा आहे. १८ एप्रिल १९०६ रोजीं पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनीं तें असें सरकलें. आजचें कुंपण त्याच जागीं पुन्हां उभारलेलें आहे. जमीन येथें फाटली कमी, सरकली अधिक. पश्चिमेकडील भूभाग वायव्येस जातो. कडा एकमेकींस अडकतात, ताण वर्षानुवर्षें सांचतो आणि अखेर सुटतो. रीड या शास्त्रज्ञानें ही उपपत्ति १९१० मध्यें मांडली. छडी वांकवीत नेली म्हणजे कडकन मोडते. जुन्या मास्तरांस निराळा दृष्टांत नको! याच खोऱ्यांत दोन ओढे कांहीं अंतर समांतर वाहतात, पण एक उत्तरेस आणि दुसरा दक्षिणेस. तें नवल वाचकांनीं नकाशांत अवश्य पाहावें.

परत आल्यावर विक्रीची गोष्ट आम्हीं काढली खरी. चिरंजीवांनीं उत्तर न देतां घराखालीं नेऊन दाखविलें: लांकडी सांगाडा पायाशीं लोखंडी बोल्टांनीं जखडलेला. दगडमातीची भिंत घरांत एकही नव्हती. आम्ही गप्प राहिलों. रात्रीं मात्र नातवाचा पलंग पुस्तकांच्या कपाटापासून ओढूं लागलों, तों सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, कपाट भिंतीला स्क्रूनें पक्कें बसविलें आहे."

तरी पलंग आम्हीं दोन हात सरकविलाच.