घरगुती कापडी चित्रफलक

मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं. त्यानंतरहि कित्येक वर्षें छायाचित्र काढविणें ही सामान्य कुटुंबास आयुष्यांत एकदोन वेळांच परवडणारी गोष्ट होती. म्हणूनच पुष्कळ घरीं आजोबा-आजींचें, अथवा बालपणींच देवाघरीं गेलेल्या एखाद्या भावंडाचें, एकच चित्र असतें व त्याची दुसरी प्रत कोठेंहि मिळत नाहीं. तें भिंतीवर टोंचावें, तर टाचणीनें भोंक पडतें आणि पावसाळ्यांत टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग पडतो. खळीनें चिकटवावें, तर खळींतील पिठावर कसर येते व पुढें चित्र काढूं म्हटल्यास कागद फाटतो. पेटींत ठेवावें, तर तें कोणाच्या दृष्टीसच पडत नाहीं. या तिन्ही अडचणी टाळणारा कापडी फलक घरच्याघरीं कसा करावा, हें विद्यार्थिमित्रांस सांगण्याचा येथें विचार आहे.

साहित्य येणेंप्रमाणें: २४ इंच लांब व १८ इंच रुंद अशी प्लायवुडची फळी, त्याच मापाचे जुन्या कांबळ्याचे दोन तुकडे, ३० इंच लांब व २४ इंच रुंद खादी किंवा मांजरपाट, अर्धा इंच रुंदीची सुती फीत ८ वार, म्हणजे सुमारें सव्वासात मीटर, १८ टोपीदार खिळे आणि कांहीं बारीक खिळे. कापड आधीं धुवून वाळवावें, म्हणजे मागाहून आटणार नाहीं. तें रंगीत असल्यास ओल्या पांढऱ्या चिंधीनें घांसून पाहावें. चिंधीस रंग लागला, तर तें कापड घेऊं नये. कारण दमट हवेंत तो रंग चित्रांसहि लागेल.

प्रथम फळीवर कांबळ्याचे दोन्ही तुकडे एकावर एक पसरावे, त्यांवर कापड घालावें व फळी सांभाळून पालथी करावी. चारी बाजूंस ३ इंच कापड उरेल, तें मागें वळवावयाचें. येथें उतावीळ करूं नये. एका बाजूच्या मध्यभागीं एक खिळा मारावा, मग समोरच्या बाजूच्या मध्यभागीं कापड ताणून दुसरा. याच क्रमानें उरलेल्या दोन बाजू घ्याव्या व कोपऱ्यांकडे सरकत जावें. कोपरे सर्वांत शेवटीं दुमडावे. एका टोंकापासून सुरुवात केल्यास कापड तिरकें ओढलें जातें व सुरकुत्या राहतात.

आतां चारी कडांवर दर ६ इंचांवर खूण करावी. खालच्या डाव्या कोपऱ्यालगतच्या दोन कडांवरील पहिल्या खुणा जोडणारी फीत आधीं तिरपी लावावी, व पुढील खुणांवरून तिला समांतर अशा आणखी ५ फिती ओढाव्या. नंतर उलट दिशेनें तशाच ६. प्रत्येक टोंक सुमारें २ इंच मागें घेऊन बारीक खिळ्यानें पक्कें करावें. या १२ फिती एकमेकींस १८ ठिकाणीं ओलांडतात आणि फलकावर शंकरपाळ्यांसारखे चौकोन दिसूं लागतात. प्रत्येक ओलांडणीवर एकेक टोपीदार खिळा ठोकावा. मात्र त्याचें टोंक फळीच्या पाठीमागें निघतां कामा नये.

चित्र यावर कशानें टिकतें? फितीखालीं कागद सरकविला कीं कांबळें दबतें. दबलेलें कांबळें पुन्हा वर येऊं पाहतें आणि कागदास फितीशीं दाबून धरतें. यास्तव फीत ताठ असली पाहिजे. ती रेशमी नसावी, कारण गुळगुळीत फितींतून कागद निसटतो. ओलांडणीवरचे खिळे एवढ्याचसाठीं कीं, एके ठिकाणीं कागद घातल्यानें शेजारची फीत सैल पडूं नये. दोन समांतर फितींमध्यें सुमारें सव्वाचार इंच अंतर राहतें. त्यामुळें टपालाचें कार्ड आडवें किंवा उभें ठेवलें तरी तें दोन फितींखालीं येतेंच. चित्राचे मात्र कोपरेच अडकवावे. चेहऱ्यावरून फीत जाऊं देऊं नये.

फलक उन्हांत टांगूं नये, कारण उन्हानें चित्र फिकें पडतें. ओल येणारी भिंतहि टाळावी. फलकाच्या मागें चारी कोपऱ्यांस अर्ध्या इंचाचे लांकडी ठोकळे लावले, म्हणजे वारा खेळतो व बुरशी धरत नाहीं. परीक्षेचें वेळापत्रक, वैद्यांकडे जाण्याची तारीख, वसतिगृहांतील भावाचें पत्र, यांनाहि येथें जागा आहे.

पालकांस एक विनंति. चित्र फलकावर चढविण्यापूर्वीं तें मुलांनीं घरांतील वडील माणसांस दाखवावें, आणि त्यांतील माणसें कोण, गांव कोणतें, साल कोणतें, हें विचारून मऊ पेन्सिलीनें, हात हलका ठेवून, पाठीमागें लिहावें, असा नियम घालून द्यावा. चित्र जपूनहि पुष्कळ घरीं त्यांतील माणसांचीं नांवें हरवलीं आहेत, कारण तीं सांगणारें माणूस असतांना कोणी विचारलें नाहीं. फलक तयार करण्यास एक रविवार पुरतो. विचारण्याचें काम मात्र पुढच्या रविवारावर टाकूं नये.