कॅन्सर संशोधनाचा उन्हाळा : पैसे भरून नव्हे, मानधन घेऊन

‘कॅन्सरवर काम करायचंय, पण दोन महिने मुंबईत राहायचा खर्च घरून मिळणार नाही.’ बी.एस्सी.ची मुलं हे वाक्य फार संकोचाने बोलतात. संकोच करायचं काहीच कारण नाही. संशोधन हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळायला हवेत. ते कुठून मिळतात, ते आज पाहू.

आधी एक चूक टाळा. ‘कॅन्सर इंटर्नशिप’ असं शोधत बसू नका. त्यात अमेरिकेतल्या योजना भराभर समोर येतात, पण तिथल्या एनआयएचचा उन्हाळी कार्यक्रम किंवा एनएसएफचा आरईयू कार्यक्रम हे दोन्ही तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहेत. शिवाय फी घेऊन ‘हँड्स-ऑन ट्रेनिंग’ देणाऱ्या जाहिराती दिसतात. मीही एस.वाय.ला असताना अशा एका ठिकाणी पैसे भरले होते. पंधरा दिवसांत सुंदर सर्टिफिकेट मिळालं. पुढे मुलाखतीत ‘तुमच्या प्रयोगात कंट्रोल काय होता?’ असं विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. प्रयोग माझा नव्हताच, मी फक्त बघत उभा होतो.

आपल्याकडे पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळणारा पैसा बहुतेक वेळा रोगाच्या नावाने येत नाही, तो ‘विज्ञान’ या नावाने येतो. त्यात कॅन्सर कुठून येतो, तर तुम्ही निवडलेल्या मार्गदर्शकाकडून. हे एकदा कळलं की तीन दारं दिसू लागतात.

पहिलं दार इन्स्पायर-शी. ही शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे. वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. अनेक जण कॉलेजमध्येच घाईघाईत एक रिपोर्ट टाइप करून मोकळे होतात. असं करू नका. हा प्रकल्प म्हणजे बाहेरच्या प्रयोगशाळेत शिरायचं तिकीट आहे. मार्गदर्शकाला लिहिताना ‘माझ्याकडे इन्स्पायर आहे’ हे पहिल्या दोन ओळींतच सांगा. तुमच्यासाठी वेगळा निधी शोधावा लागणार नाही, हे त्यांना लगेच कळतं.

दुसरं दार तीन विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप. दोन महिने, मानधनासह, देशातल्या नामवंत संस्थांमध्ये. अर्जात तुम्हाला काय करायचंय याचं छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. टिपणात ‘मला लहानपणापासून कॅन्सरवर औषध शोधायचं आहे’ असं लिहू नका. एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, डीएनए तुटल्यावर पेशी तो दुरुस्त कसा करते आणि ही दुरुस्ती बिघडली तर काय होतं? हा कॅन्सरचाच प्रश्न आहे, फक्त दोन महिन्यांत हात लावता येईल एवढा.

तिसरं दार एमबीबीएस आणि बीडीएसवाल्यांसाठी, आयसीएमआरची एसटीएस. मार्गदर्शक तुमच्याच कॉलेजचा आणि रुग्ण तुमच्याच ओपीडीतले. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर हा विषय महाराष्ट्रात कुठल्याही रुग्णालयात समोरच असतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीला वेळ लागतो, म्हणून विषय लवकर ठरवा. आणि मानधन रिपोर्ट मंजूर झाल्यावर मिळतं, आधी नाही. त्या दोन महिन्यांच्या खर्चाची सोय तेवढी करून ठेवा.

‘पण माझा विषय बॉटनी आहे, मला कोण घेणार?’ कमल रणदिवे आठवा. पुण्यात एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केलं. नंतर मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट, मग कॅन्सर संशोधन, आणि १९८२ मध्ये पद्मभूषण. गुणसूत्र नीट बघायची सवय वनस्पतीत लागली काय किंवा माणसात, उपयोगी पडतेच. स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटरवाल्यांना तर घरबसल्या सुरुवात करता येते. ‘द कॅन्सर जीनोम अॅटलस’मध्ये ३३ प्रकारच्या कॅन्सरची माहिती आहे आणि तिचा मोठा भाग सर्वांना मोफत उपलब्ध आहे. त्यातला एक प्रश्न घेऊन आर किंवा पायथनमध्ये एक आलेख काढा आणि तो ईमेलला जोडा. नुसत्या मार्कशीटपेक्षा तो जास्त बोलेल.

ईमेल छोटा ठेवा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की तो वाचणाऱ्याला ओळखू येतो. त्या प्रयोगशाळेचा एक पेपर वाचा, त्यातलं न कळलेलं एक वाक्य प्रामाणिकपणे विचारा, आणि तुम्ही कोणत्या तारखांना मोकळे आहात ते लिहा. उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा. त्यानंतर मात्र पुढच्याकडे वळा.

होकार आला की आनंदात लगेच ‘येस सर’ म्हणू नका. आधी नम्रपणे विचारा : मानधन आहे का? दरमहा मिळेल की शेवटी? हॉस्टेल मिळेल का? मी स्वतः कोणता प्रयोग करेन? नाव मोठं असलेल्या संस्थेत पैसे मिळतातच असं नाही. प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं तर कधी उलट शुल्कही भरावं लागतं. मग कागद घ्या. एका बाजूला मानधन, दुसऱ्या बाजूला खोलीचं भाडं, मेस, लोकलचा पास. २०,००० रुपये दोन महिन्यांत म्हणजे महिन्याला १०,०००. जमत नसेल तर आपल्याच शहरातली प्रयोगशाळा निवडा. त्यात कमीपणा नाही. जवळच्या विद्यापीठात स्वतःच्या हाताने केलेला एक प्रयोग हा मोठ्या संस्थेत लांबून पाहिलेल्या दहा प्रयोगांपेक्षा मोलाचा.

उन्हाळ्याची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू होते. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना याच आठवड्यात भेटा. आणि पैशाबद्दल विचारायला लाजू नका. प्रयोगशाळेत प्रश्न विचारण्याची सवय तिथूनच लागते.