हस्ताक्षर आणि कर्तृत्व : यूरोपीय चेंबर-संगीताच्या कांहीं हस्तलिखितांचा विचार

कागद जुना ठरला, हस्ताक्षर ओळखलें, तारीख जुळली, म्हणजे आपलें काम संपलें, असा समज हस्तलिखितें जमविणाऱ्या मंडळींत वारंवार आढळतो. बखरीची नक्कल उतरणारा लेखनिक व बखरकार हे दोन निराळे पुरुष असतात, हें आपण सर्वच जाणतों. परंतु नक्कल करणारा स्वतःच नामांकित पुरुष असला, तर ही सावधगिरी सुटते. त्याच्या हातचा कागद सांपडला कीं, त्यांतील मजकूरहि त्याचाच असें आपण मानूं लागतों. या चुकीचीं व तिच्या उलट बाजूच्या चुकांचीं उदाहरणें यूरोपांतील संगीताच्या दप्तरांत फार स्पष्टपणें पाहावयास मिळतात. तीं वाचकांपुढें मांडावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम विषयाची ओळख. यूरोपांत ज्यास चेंबर-संगीत म्हणतात, तें मूळचें दिवाणखान्यांतलें संगीत. दोनपासून आठ-नऊपर्यंत वादक, प्रत्येक वाद्याची स्वतंत्र ओळ, आणि वादकांपुढें उभा राहून ताल दाखविणारा नायक नाहीं, ही त्याची खूण होय. रचना स्वरलिपींत कागदावर लिहिलेली असते, आणि वाजवितांना प्रत्येक वादकापुढें त्याच्या वांट्याचा कागद निराळा ठेवावा लागतो. यामुळें एकेका रचनेच्या नकला पुष्कळ होत. रचनाकार, पोटासाठीं लिहिणारा लेखनिक, शिकाऊ विद्यार्थी, हौशी गृहस्थ, अशा अनेकांचे हात त्या कागदांवरून फिरलेले असतात. एकोणिसावें शतक, ज्यास तिकडे रोमँटिक युग म्हणतात, तें या घरगुती वादनाच्या भरभराटीचें शतक होतें. तेव्हां त्या काळच्या कागदांत कर्तृत्वाचे घोटाळे व्हावेत यांत नवल नाहीं.

पहिलें उदाहरण फ्रान्झ शूबर्ट याच्या नांवाशीं निगडित आहे. शूबर्टचा जन्म ३१ जानेवारी १७९७ रोजीं व्हिएन्ना येथें झाला, आणि १९ नोव्हेंबर १८२८ रोजीं, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, तो वारला. १९१८ सालीं ऑस्ट्रियांतील झेल आम झे या गांवीं एक हस्तलिखित उजेडांत आलें. त्यांत फ्लूट, व्हायोला, गिटार आणि चेलो या चार वाद्यांची रचना होती. अक्षर शूबर्टचें होतें. तारीख २६ फेब्रुवारी १८१४ अशी होती. म्हणजे लिहितेवेळीं शूबर्ट सतरा वर्षांचा होता. अखेरचा भाग मात्र त्यांत नव्हता. गेओर्ग किन्स्की यांनीं ही रचना १९२६ सालीं म्यूनिक येथें शूबर्टचा क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांची रचना, म्हणून छापून प्रसिद्ध केली. गिटारवादकांस तर हा मोठाच लाभ वाटला. कारण पहिल्या प्रतीच्या रचनाकारांनीं त्या वाद्यासाठीं लिहिलेलें चेंबर-संगीत फार थोडें आहे.

पांचच वर्षांनीं, १९३१ सालीं, डेन्मार्कमधील गिटारवादक थोर्वाल्ड रिशेल यांच्या हातीं कोपनहेगन येथें एक जुनी छापील प्रत आली. ती वेन्झेल माटिएग्का याच्या 'नोक्तुर्नो', ऑपस २१, या रचनेची होती. माटिएग्का हा १७७३ सालीं बोहेमियांत जन्मलेला व १८३० सालीं व्हिएन्ना येथें वारलेला गिटारवादक. त्याची ही रचना फ्लूट, व्हायोला व गिटार या तीन वाद्यांसाठीं असून ती व्हिएन्ना येथील आर्तारिया या प्रकाशकांनीं १८०७ सालीं छापली होती. शूबर्टच्या कागदावरील तारखेच्या सात वर्षें आधीं! दोन्ही पाठ शेजारीं ठेवून पाहतां उलगडा झाला. शूबर्टनें माटिएग्काची रचना उतरून घेतली होती, तींत चेलोची चौथी ओळ नव्यानें घातली होती, आणि मिन्युएट नांवाच्या नृत्यवजा भागांत एक जास्तीचा तुकडा, ज्यास दुसरा ट्रिओ म्हणतात, तो आपला स्वतःचा लिहिला होता. त्या तुकड्यांत गिटार स्तब्ध असते. बाकीचा मजकूर माटिएग्काचा. त्यांतहि शेवटच्या भागांत ज्या चालीवर रूपांतरें रचिलीं आहेत ती चाल फ्रीड्रिख फ्लाइशमान या तिसऱ्याच रचनाकाराची. एका कागदावर असे तीन थर निघाले.

या प्रकरणांत हस्ताक्षराविषयींचा निर्णय चुकला नव्हता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. अक्षर शूबर्टचेंच होतें व आहे. चुकलें तें अनुमान. 'हें त्यानें लिहिलें' या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर नकळत उडी पडली. ओटो एरिख डॉइच यांनीं शूबर्टच्या कृतींची जी यादी १९५१ सालीं प्रसिद्ध केली, तींत या रचनेस ९६ हा अनुक्रमांक होता. १९७८ च्या सुधारलेल्या आवृत्तींत ती मुख्य यादींतून काढून परिशिष्टांत घालण्यांत आली.

मग तो कागद निरुपयोगी झाला काय? आमच्या मतें उलट त्याची उपयुक्तता नीट कळूं लागली. सतरा वर्षांचा शूबर्ट दुसऱ्याची रचना कशी वाचतो, तींत कोठें भर घालतो, कोणती ओळ त्यास उणी भासते, हें सांगणारा असा पुरावा विरळा. त्याच्या घरीं बाप चेलो वाजवीत असे, इग्नाट्झ व फर्डिनांड हे वडील बंधु व्हायोलिन वाजवीत, आणि फ्रान्झ स्वतः व्हायोला वाजवी, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चेलोची ओळ बापासाठीं घातली असेल काय, असा तर्क मनांत येतो. परंतु घरच्या मेळांत फ्लूट व गिटार नव्हतीं. म्हणून तर्कास तर्कच म्हणावें व पुढें जावें. माटिएग्कावर मात्र अन्याय झाला. त्याची रचना शूबर्टच्या नांवानें वाखाणली गेली, आणि खरें नांव कळल्यावर तिचें मोल उतरलें. वास्तविक स्वर तेच होते.

आतां याच शूबर्टचें उलट उदाहरण घेऊं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला व दोन चेलो यांसाठीं लिहिलेला त्याचा सी मेजरमधील क्विंटेट, म्हणजे पांच वाद्यांची रचना, ही आज त्याच्या श्रेष्ठ कृतींत गणली जाते. तिचें त्याच्या हातचें हस्तलिखित नष्ट झालेलें आहे. तरीहि तिच्या कर्तृत्वाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. कारण २ ऑक्टोबर १८२८ रोजीं लाइपझिग येथील प्रोब्स्ट या प्रकाशकास लिहिलेल्या पत्रांत शूबर्टनें आपण असा क्विंटेट पुरा केल्याचें वाद्यांच्या संख्येसह कळविलें आहे. पुढें दीड महिन्यांत तो वारला. रचना जाहीरपणें वाजली १८५० सालीं व छापली गेली १८५३ सालीं. येथें मूळ कागद नाहीं, पण पत्राची साक्ष आहे. आणि अशी साक्ष प्रसंगीं मूळ कागदाइतकीच बळकट ठरते. माटिएग्काच्या प्रकरणांत अक्षर होतें पण साक्ष नव्हती; येथें साक्ष आहे पण अक्षर नाहीं.

दोन्हींपैकीं कांहींच नसेल तर काय होतें, हें तिसऱ्या उदाहरणावरून कळतें. बॉन येथें डॉ. एरिख प्रीगर या नांवाचे संग्राहक होते. ते १९१३ सालीं वारले. त्यांच्या संग्रहांत १९२४ सालीं पियानो, व्हायोलिन व चेलो यांसाठीं लिहिलेल्या एका त्रिवाद्य रचनेचें हस्तलिखित आढळलें. नांवाचें पान नाहीं, सही नाहीं, तारीख नाहीं, आणि अक्षर कोणा अज्ञात लेखनिकाचें. रचनेचा घाट व वळणें पाहून ती तरुणपणच्या योहानेस ब्राम्स याची असावी असें मत पडलें, आणि एर्न्स्ट ब्यूकेन व कार्ल हासे यांनीं ती १९३८ सालीं ब्राम्सच्या नांवानें छापली. ब्राम्स हा आपले न पटलेले कागद नष्ट करण्याविषयीं प्रसिद्ध होता. आपले पहिले दोन स्ट्रिंग क्वार्टेट १८७३ सालीं छापण्यापूर्वीं आपण असे सुमारें वीस लिहून टाकून दिले, असें तो सांगत असे. तेव्हां त्याच्या हातून निसटलेली एखादी कृति दुसऱ्याच्या नकलेंत उरली असणें अशक्य नाहीं. पण अशक्य नाहीं म्हणजे सिद्ध झालें असें नव्हे. मार्गिट मॅकॉर्कल यांच्या १९८४ च्या यादींत ही रचना चौथ्या परिशिष्टांत, संशयित कृतींत, ठेविलेली आहे, आणि जाणत्यांचीं मतें अद्याप दुभंगलेलीं आहेत. शैलीवरून केलेलें अनुमान शोधाची दिशा दाखवितें. निकाल देण्यास तें एकटें पुरें पडत नाहीं.

चौथें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें. फानी हेन्झेल, माहेरची मेंडेल्सझोन, ही प्रसिद्ध रचनाकार फेलिक्स मेंडेल्सझोन याची थोरली बहीण. तिचा जन्म १८०५ चा व मृत्यु १४ मे १८४७ चा. फेलिक्सनें ऑपस ८ व ९ म्हणून जे दोन गीतसंग्रह छापले, त्यांत प्रत्येकीं तीन गीतें फानीचीं होतीं, पण नांव फेलिक्सचेंच होतें. १८४२ सालीं राणी व्हिक्टोरिया हिनें त्यांतील एक गीत त्याच्यापुढें म्हटलें, तेव्हां तें आपल्या बहिणीचें आहे असें त्यास कबूल करावें लागलें. म्हणजे छापील नांवहि निर्णायक नसतें.

याच घरच्या कागदांतील एक उदाहरण चेंबर-संगीताच्या सीमेबाहेरचें, केवळ पियानोचें आहे, तथापि संग्राहकांसाठीं येथें देतों. १९७० सालीं पॅरिस येथें 'ईस्टर सोनाटा' या १८२८ च्या रचनेचें हस्तलिखित आढळलें. त्यावर 'एफ. मेंडेल्सझोन' एवढेंच नांव होतें. तें फेलिक्सचें समजून रचना त्याच्या नांवें नोंदली गेली. २०१० मध्यें अँजेला मेस या संशोधिकेनें मूळ कागद तपासला. अक्षर फानीचें दिसलें, आणि पानांवरील आंकडे फानीच्या एका वहींतून गहाळ झालेल्या पानांच्या आंकड्यांशीं बरोबर जुळले. चाळीस वर्षांचा भ्रम पानांच्या अंकांनीं दूर केला.

पण फानीच्या बाबतींत खरा खेद वाटतो तो तिच्या स्ट्रिंग क्वार्टेटविषयीं. ही रचना तिनें १८३४ सालीं लिहिली. येथें अक्षर तिचें, काळ निश्चित, कर्तृत्व वादातीत. फेलिक्सनें पुढच्या वर्षाच्या आरंभीं पत्रांतून तिच्या बांधणीविषयीं हरकती घेतल्या. आणि ती छापली गेली १९८८ सालीं, म्हणजे १५४ वर्षांनीं. तिचा पियानो, व्हायोलिन व चेलो यांचा ट्रिओ, ऑपस ११, तोहि ती वारल्यावर १८५० सालीं प्रसिद्ध झाला. वर ज्या तीन प्रकरणांत घोटाळा झाला, त्यांत निदान कोणीतरी कागद उलगडून पाहिला होता. येथें कांहींच संशयास्पद नव्हतें, आणि म्हणूनच कीं काय, पाहण्याची निकड कोणास भासली नाहीं.

या सर्वांवरून संग्राहकांनीं काय घ्यावें? आमच्या अल्पमतीस पुढील गोष्टी सुचतात. यादी करितांना लेखनिक कोण, कर्ता कोण व कागदाचा मालक कोण, हीं तीन नांवें तीन निराळ्या रकान्यांत लिहावीं, आणि ठाऊक नसेल तो रकाना मोकळा ठेवावा. मोकळा रकाना पुढील अभ्यासकास जागा देतो. चुकीचें नांव त्याची वाट अडवितें. हस्तलिखित कितीहि नामांकित हातचें असलें, तरी त्या काळच्या छापील प्रतींशीं तें ताडून पाहिल्यावांचून त्यास नवें म्हणूं नये. सुटीं पानें, पानांवरील आंकडे व शिवणीच्या खुणा यांस हात लावूं नये. रुमाल नीटनेटका करण्याच्या भरांत हा पुरावा प्रथम नाहींसा होतो. आणि शेवटची गोष्ट, ज्या बाडावर कर्त्याचें नांव स्पष्ट आहे पण तें नांव मोठें नाहीं, तें बाड आधीं सोडावें.

असो. माटिएग्काची छापील प्रत आपल्या जागीं पडून होती, आणि फानीचा क्वार्टेटहि पडून होता. एकास दुसऱ्याचें मोठें नांव आड आलें, दुसऱ्यास स्वतःचें लहान नांव. आपल्या संग्रहांतील रुमालांतहि असे कागद असतील. ते बाहेर काढणें ज्यांच्या हातीं आहे, त्यांच्यासाठींच हें टिपण लिहिलें आहे.