कुणाबद्दलच नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत हिंगोली जिल्ह्याची वेगळी माहिती निघाली : लग्नाचे वय, कुटुंबनियोजन, बाळंतपण, रक्तक्षय. याच सर्वेक्षणात एक धीट प्रश्नही असतो. बायको थकलेली असेल किंवा तिची इच्छा नसेल, तर तिने नवऱ्याला नकार देणे रास्त आहे का? पण इच्छा नसणे ही त्या रात्रीपुरती गोष्ट, असे तो धरून चालतो. ज्यांना लैंगिक आकर्षण कधी कुणाबद्दल वाटलेच नाही, अशा अलैंगिक माणसांना त्या प्रश्नावलीत जागा नाही. जनगणनेत ती ‘विवाहित’ किंवा ‘अविवाहित’ म्हणून मोजली जातात आणि तिथेच दिसेनाशी होतात.

लैंगिक कल थेट विचारणाऱ्या देशांतही फार वेगळे घडत नाही, कारण आकर्षण आहेच असे मानून फक्त त्याची दिशा विचारली जाते. अमेरिकी संशोधक किन्से यांनी १९४८ मध्ये शून्य ते सहा अशी पट्टी आखली. तिच्यात न बसणाऱ्यांना ‘एक्स’ हे अक्षर देऊन बाजूला ठेवले. ब्रिटनमधल्या अठरा हजारांवर लोकांच्या एका जुन्या पाहणीत मात्र ‘कुणाबद्दलच आकर्षण वाटले नाही’ हे उत्तर पर्यायांतच छापलेले होते. संशोधक बोगार्ट यांनी २००४ मध्ये ती माहिती तपासली, तेव्हा सुमारे एक टक्का लोकांनी ते निवडलेले आढळले. उलट २०२१च्या इंग्लंड-वेल्स जनगणनेत ‘इतर’वर खूण करून शब्द स्वतः लिहायचा होता, ‘अलैंगिक’ असा लिहिणारे निघाले सुमारे २८ हजार, म्हणजे ०.०६ टक्के. वर्षे वेगळी, पद्धती वेगळ्या, हे खरेच. तरी एवढी तफावत माणसे बदलल्याने पडली असेल, असे मला वाटत नाही.

इतक्या थोड्यांसाठी रकाना कशाला, असे कुणी म्हणेल. पण थोडी की फार, हे विचारल्याशिवाय कळणार कसे? ब्रिटनचा टक्का हिंगोलीच्या (२०११च्या जनगणनेतल्या) पावणेबारा लाखांना लावणे ही निव्वळ अटकळ. हा आजार आहे म्हणावे, तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या नियमावलीनुसार स्वतःला अलैंगिक मानणाऱ्यावर कामेच्छेच्या अभावाचे निदान लादायचे नाही. ब्रह्मचर्यही हे नव्हे. तिथे इच्छा आवरायची असते. उरला मुद्दा लाजेचा. त्यात शब्दाची अडचण खरी आहे : ‘अलैंगिक’ म्हटले की आपल्याला शाळेतले प्रजनन आठवते, किण्व आणि अमीबा. पण प्रश्नकर्त्याला तो शब्द उच्चारायची गरजच नाही. आकर्षण पुरुषांबद्दल वाटते, स्त्रियांबद्दल, दोघांबद्दल, की कुणाबद्दलच नाही, एवढे चार पर्याय म्हणून वाचून दाखवले तरी पुरे.