सोडियम कमी झालं म्हणजे नेमकं काय होतं?

‘बाबांचं सोडियम कमी झालंय, ॲडमिट केलंय.’ उन्हाळ्यात असा निरोप आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यावर ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे, ‘मीठ कमी खात असतील!’ पण बहुतेक वेळा प्रश्न मिठापेक्षा पाण्याचा असतो.

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असतं. १३५च्या खाली गेलं की ते कमी मानतात. शरीरात सोडियमच्या मानाने पाणी जास्त झालं, तरी हा आकडा उतरतो.

मी डॉक्टर नाही, बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे मला हे सगळं आधी विजेच्या भाषेत समजलं. प्रत्येक मज्जापेशी ही छोटी बॅटरीच असते. तिच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पेशीच्या आवरणातला पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. विश्रांतीत आतला दाब सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. संदेश आला की दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि क्षणभर दाब उलटा होतो. स्नायू आखडतो तोही अशाच संदेशामुळे. हॉजकिन आणि कॅट्झ यांनी १९४९ मध्ये माकुळीच्या जाड मज्जातंतूवर दाखवलं, की बाहेरचं सोडियम कमी केलं तर संदेशाची उंचीही कमी होते.

माणसात मात्र खरा धोका वेगळा आहे. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, तसंच रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं. हातापायांच्या पेशी थोड्या फुगल्या तर चालतं, पण मेंदूभोवती कवटी आहे, तिथे जागाच नाही. म्हणून डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात गोंधळ, गुंगी आणि शेवटी फिट येते किंवा माणूस बेशुद्ध होतो. स्नायूंत गोळे येतात, हातपाय गळून जातात.

इंदूरला आमच्या आजीला गेल्या मे महिन्यात दोन दिवस जुलाब झाले. जेवण सुटलं, पोटात फक्त पाणी आणि कोरा चहा. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी रोजची. तिसऱ्या दिवशी ती चालताना झोकांड्या देऊ लागली आणि मला आजोबांच्या नावाने हाक मारली. ‘वय झालं आता,’ असं घरात म्हणून झालं. काकूने मात्र रक्त तपासायचा हट्ट धरला. सोडियम ११८ निघालं.

डॉक्टरांनी ते सावकाश वाढवलं. घाई का नाही? सोडियम हळूहळू उतरलं तर मेंदूच्या पेशी आतले काही क्षार आणि इतर पदार्थ बाहेर टाकून जुळवून घेतात. मग एकदम सोडियम वाढवलं तर मज्जातंतूंवरचं आवरण खराब होऊ शकतं आणि ते नुकसान कायमचंही ठरू शकतं. त्यामुळे घरी मीठ घोळून पाजणं हा उपाय नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात तर उलट पाणी मोजूनच घ्यावं लागतं.

हा फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्न नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी आढळलं. धावताना वजन वाढण्याइतकं पाणी पिणाऱ्यांना धोका जास्त होता. आपल्यापैकी हाफ मॅरेथॉन धावणाऱ्यांनी तहानेप्रमाणे प्यावं.

घरासाठी एवढं लक्षात ठेवूया:

• जुलाब-उलट्यांत नुसतं पाणी नको, ओआरएस द्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा.

• आई-बाबांच्या गोळ्यांची यादी फोनमध्ये ठेवा. लघवी वाढवणाऱ्या, फिटच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं. मात्र स्वतःहून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

• ज्येष्ठ माणूस अचानक विसरू लागला, तोल जाऊ लागला किंवा फार सुस्त झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फिट आली किंवा शुद्ध हरपली तर थेट हॉस्पिटल गाठा.

वयामुळे येणारा विसराळूपणा एका रात्रीत येत नाही. रात्रीतून आलेला असेल, तर एक साधी रक्ततपासणी मोठं संकट टाळू शकते.