सेवेसाठी परदेशी जायचे, तर आधी कागद पाहा

तापीकाठच्या बागेत केळीचे घड उतरवताना तुमची मुलगी म्हणाली, “आबा, मला वर्षभर जर्मनीत वृद्धाश्रमात सेवा करायला जायचे आहे,” तर तुम्ही काय म्हणाल? चोपडा तालुक्यातल्या घराला हा प्रश्न नवा वाटेल. पण रस्ता सरकारी आहे. तो समजून घेतला, तर फसगत टळेल.

जर्मनीत पूर्वी सैन्यात सक्तीची भरती होती. शस्त्र धरायला नकार देणारे तरुण त्याऐवजी इस्पितळात, वृद्धाश्रमात राबत. २०११ साली ही सक्ती स्थगित झाली आणि त्याच वर्षी ‘संघीय स्वयंसेवा’ सुरू झाली. तीत इतर देशांतील माणसांनाही घेतात. मुदत बहुधा बारा महिन्यांची, वाढवून अठरा.

पहिली पायरी कराराची. सेवा घेणारी संस्था तयार झाली, की तिथल्या सरकारी कार्यालयामार्फत लेखी करार होतो. राहण्याची सोय, कामाचे तास, हातखर्च आणि आजारपणाचा विमा हे सारे त्यात वाचून घ्या. थोडी तरी जर्मन भाषा यायला हवी. पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ती शिकवतात, परीक्षाही घेतात.

मग पासपोर्ट. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरे, असे असेल तर ते आधी दुरुस्त करा.

पुढे जर्मन वकिलातीकडे सेवेच्या व्हिसाचा अर्ज. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन तिथे परवाना काढू, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. तिथे पोचल्यावर, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा. नंतर व्हिसाची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवासाचा परवाना घ्यायचा. तो त्या सेवेपुरताच असतो. दुसरी नोकरी धरायला नव्हे.

आता घरच्या हिशेबाची गोष्ट. ही नोकरी नाही. पगार नसून हातखर्च मिळतो, आणि त्यालाही कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. त्यातून कर्ज फिटत नाही. म्हणून जमीन गहाण टाकून दलालाच्या हाती पैसे देऊ नका. परवाना सरकार देते, दलाल नव्हे.

एवढे पाहिल्यावरही लेकीचे मन ठाम असेल, तर तिला अडवू नका. कराराची एक प्रत मात्र घरच्या पेटीत ठेवा.