लायप्निट्सच्या पत्रसंग्रहाचे सूचीकरण

गोटफ्रीट व्हिल्हेल्म लायप्निट्स (१ जुलै १६४६–१४ नोव्हेंबर १७१६) या जर्मन तत्त्वज्ञ-गणितज्ञाच्या विस्तृत पत्रव्यवहाराची व्यक्तिवार व कालानुक्रमे नोंद करण्याचे कार्य. लायप्निट्सने आपले तत्त्वज्ञान एखाद्या सलग ग्रंथात मांडले नाही. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञानविषयक मोठा ग्रंथ थिऑडिसी (१७१०) हा एकच होय. त्याचे महत्त्वाचे विचार आर्नो, दे व्होल्डर, दे बॉस, क्लार्क इत्यादींना लिहिलेल्या पत्रांत विखुरलेले आहेत. म्हणून कोणते पत्र कोणाला, केव्हा आणि कशाच्या उत्तरादाखल लिहिले गेले, हे निश्चित केल्याशिवाय त्याच्या विचारांचा विकासक्रम सांगता येत नाही.

संग्रहाचे स्वरूप : लायप्निट्स १६७६ पासून हॅनोव्हरच्या दरबारी सेवेत होता. ग्रंथपाल, इतिहासकार व सल्लागार या नात्यांनी राजघराण्याच्या अनेक गोष्टी त्याला ठाऊक होत्या. त्या बाहेर फुटू नयेत म्हणून त्याच्या मृत्यूनंतर दरबाराने त्याचे सर्व कागदपत्र ताब्यात घेतले. या संशयामुळेच संग्रहाची पांगापांग टळली. हॅनोव्हर येथील, आता लायप्निट्सचेच नाव धारण करणाऱ्या ग्रंथालयात सु. १,१०० व्यक्तींशी झालेल्या पत्रव्यवहाराची सु. १५,००० पत्रे आहेत. ती प्रामुख्याने लॅटिन, फ्रेंच व जर्मन या भाषांत असून पत्रलेखकांत राजघराण्यांतील व्यक्ती, शास्त्रज्ञ, धर्मप्रचारक आणि कारागीरही आढळतात. यूनेस्कोने २००७ मध्ये या पत्रसंग्रहाचा समावेश जागतिक स्मृतिपटात केला.

लायप्निट्स आलेली पत्रे जपून ठेवी, तसेच आपल्या पत्रांचे कच्चे खर्डेही पुष्कळदा राखून ठेवी. पाठविलेली मूळ पत्रे मात्र ज्याच्या त्याच्याकडे गेली आणि यूरोपातील निरनिराळ्या संग्रहांत विखुरली. त्यामुळे एकाच पत्राचा खर्डा, प्रत्यक्ष पाठविलेली प्रत व इतरांनी केलेली नक्कल अशी तीन रूपे आढळू शकतात. खर्ड्यात खोडलेले वाक्य लेखकाच्या मनात येऊन गेले होते, पण ते पत्र घेणाऱ्याच्या वाचनात आले नाही. म्हणून सूचीत ही रूपे वेगवेगळी नोंदवावी लागतात.

सूचींची तत्त्वे : ग्रंथपाल एडूआर्ट बोडेमान याने १८८९ मध्ये या पत्रसंग्रहाची छापील सूची प्रसिद्ध केली. तीत पत्रलेखकांची नावे वर्णानुक्रमे लावलेली असून प्रत्येकाच्या पत्रांना एक क्रमांक दिला आहे. अन्य हस्तलिखितांची त्याची सूची १८९५ मध्ये निघाली. एका व्यक्तीशी झालेला संवाद सलग वाचण्यास व्यक्तिवार मांडणी सोयीची असते. परंतु एखाद्या महिन्यात लायप्निट्सच्या मनात एकाच वेळी कोणते प्रश्न घोळत होते, हे तीवरून कळत नाही. १९०१ मध्ये समग्र साहित्याच्या चिकित्सक आवृत्तीची आंतरराष्ट्रीय योजना ठरल्यावर कालानुक्रमी सूचीची गरज भासली. पाउल रिटर याच्या १९०८ मधील सूचीखंडात १६४६ ते १६७२ या काळातील साहित्य कालक्रमाने नोंदविले आहे. पहिल्या महायुद्धामुळे जर्मन व फ्रेंच विद्वानांचे सहकार्य खंडित झाले आणि आवृत्तीचा पहिला खंड १९२३ मध्ये बाहेर पडला. या आवृत्तीच्या आठ मालिकांपैकी पहिल्या तीन पत्रव्यवहाराला वाहिलेल्या आहेत : सामान्य, राजकीय व ऐतिहासिक, तत्त्वज्ञानविषयक, आणि गणित, विज्ञान व तंत्रविषयक. हे काम अद्याप पूर्ण झालेले नाही.

कालनिश्चिती : सूचीकाराची खरी कसोटी दिनांक ठरविण्यात लागते. सतराव्या शतकात जूलियन व ग्रेगरियन या कालगणनांमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. कॅथलिक फ्रान्समध्ये ग्रेगरियन कालगणना रूढ होती, जर्मनीतील प्रॉटेस्टंट राज्यांनी १७०० मध्ये दिनांक सुधारून घेतले, तर इंग्लंडने १७५२ मध्ये. पत्रावर दिनांकच नसेल, तर कागदातील जलचिन्ह, हस्ताक्षर, शाई व मजकुरातील उल्लेख यांवरून अनुमान करावे लागते. हरवलेल्या पत्राचा उल्लेख दुसऱ्या पत्रात असेल, तर त्याचीही नोंद करतात. अन्यथा संवादातील दुवा निखळतो.

दिनांकाचे महत्त्व कलनशास्त्राच्या श्रेयाच्या वादात स्पष्ट होते. न्यूटनने १६७६ मध्ये लिहिलेले पत्र रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग याने पॅरिसमध्ये असलेल्या लायप्निट्सकडे पाठविले. ते ग्रेगरियन गणनेनुसार २४ ऑगस्ट रोजी त्याच्या हाती पडले व २७ ऑगस्टला त्याने उत्तर लिहिले. पत्र पोहोचण्यास लागलेला विलंब न्यूटनला ठाऊक नव्हता. उत्तरासाठी लायप्निट्सला सु. सहा आठवडे मिळाले, असा त्याचा समज झाला. पुढे १७१२ मध्ये, न्यूटन अध्यक्ष असलेल्या रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीने लायप्निट्सच्या विरुद्ध निर्णय दिला. दोघांनी कलनशास्त्राचा शोध स्वतंत्रपणे लावला, हे आज मान्य झालेले मत बऱ्याच अंशी अशा कागदपत्रांच्या काटेकोर कालनिश्चितीवर आधारलेले आहे.

पत्र लिहिल्याचा व मिळाल्याचा असे दोन्ही दिनांक का नोंदवावे लागतात, हे पीकिंगहून आलेल्या एका पत्रावरूनही दिसते. जेझुइट धर्मप्रचारक बूव्हे याने नोव्हेंबर १७०१ मध्ये लिहिलेले हे पत्र लायप्निट्सला एप्रिल १७०३ मध्ये मिळाले. यी जिंग या प्राचीन चिनी ग्रंथातील ६४ आकृती व द्विमान अंकपद्धती यांतील साम्य बूव्हेने त्यात दाखविले होते. त्यानंतरच लायप्निट्सने या साम्याच्या उल्लेखासह आपला लेख पॅरिसच्या अकादमीकडे पाठविला. द्विमान पद्धतीचा विचार मात्र तो त्याच्या कितीतरी आधीपासून करीत होता. केवळ लेखाच्या प्रसिद्धीवरून निष्कर्ष काढल्यास ही कल्पना त्याला चीनकडून मिळाली, असा गैरसमज होण्याचा संभव आहे.

संगणकीय नोंदी व हस्तलिखितांच्या प्रतिमा यांमुळे एकाच पत्राची व्यक्तिवार, कालवार व विषयवार मांडणी करणे आता शक्य झाले आहे. तथापि दिनांक, पत्र घेणारी व्यक्ती व प्रतीचे स्वरूप यांचा निर्णय अभ्यासकालाच मूळ कागद पारखून करावा लागतो.